गुण आल्याचं पत्र

त्या वर्षी मी रोज सात-आठ तास मेलेल्या माणसांची पोटदुखी वाचत होते. न्युरेम्बर्गमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला एका छोट्या औषध-संग्रहालयाचं काम मिळालं होतं. कुणा हौशी माणसानं जन्मभर जमवलेल्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी औषधांच्या जाहिराती. त्या स्कॅन झाल्या होत्या, आता त्यांची सूची करायची होती. माझ्या अंगावर आधीच दोन प्रोजेक्ट होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण टीममध्ये इंग्रजी सगळ्यात चांगलं माझं, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, बाकीच्यांनी 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणून माना डोलावल्या आणि घोडं माझ्या दारात बांधलं गेलं.

प्रत्येक जाहिरातीसाठी तीन रकाने भरायचे: रोग, वचन आणि साक्षीदार. रोगाच्या रकान्यात जागा पुरायची नाही. एकच गोळी पित्तावर, डोकेदुखीवर, जंतांवर, वाईट स्वप्नांवर, बायकांच्या अशक्तपणावर आणि पुरुषांच्या उदासीवर चालायची. रडणाऱ्या बाळांना शांत करणारं सरबत होतं. त्यात अफू असायची, त्यामुळे बाळं शांत व्हायची, काही कायमचीच. कमरेला बांधायचा विजेचा पट्टा होता. एका जाहिरातीत हिंदुस्थानच्या उष्ण हवेत राहणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या यकृताची फार काळजी वाहिलेली होती. आमच्या हवेनं साहेबाचं यकृत बिघडलं हे वाचून मला दुपारभर जरा बरं वाटलं.

खरी मेख तिसऱ्या रकान्यात होती. बाटलीत काय आहे हे जाहिरात सांगायची नाही, पण साक्षीदार अगदी ठसठशीत उभा करायची. कुठल्याशा खेड्यातली पाद्र्याची विधवा, वय अमुक, सात वर्षं अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. शेजारणीनं बाटली आणून दिली आणि आता ती दोन मैल चालत चर्चला जाते. खाली तिच्या सहीचं पत्र. अशी शेकडो पत्रं वाचल्यावर मला कळलं की लोक औषध विकत घेतच नव्हते. आपल्यासारखंच दुखणारा आणि त्यातून सुटलेला एक माणूस ते घेत होते. आणि तो माणूस बहुधा कंपनीच्या कचेरीत बसून एखाद्या कारकुनानं तयार केलेला असायचा. काय भोळी माणसं, असं म्हणून मी पुढच्या पानावर जायचे.

काम मी बहुतेक घरूनच करायचे. पलीकडच्या खोलीत बाबा असायचे. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून नवऱ्यानं त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं होतं. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभा जन्म बॉयलर सांभाळलेला. प्रेशरच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं हीच त्यांची नोकरी. त्या माणसानं स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या इथे येण्याआधीच बंद केल्या होत्या आणि बॅगेतून दुधी-आल्याच्या अर्काच्या चार बाटल्या आणल्या होत्या. यूट्यूबवर कुणी दाढीवाला सांगत होता म्हणे, चाळीस दिवसांत सगळ्या गोळ्या सुटतात.

"सूनबाई, गोळी एकदा सुरू झाली की जन्माची," ते म्हणायचे.

"बाबा, प्रेशर एकशे नव्वदच्या घरात आहे तुमचं. इथे काही झालं तर आम्ही काय करायचं?"

"काही होत नाही. अर्क लागू पडतोय. त्या व्हिडिओत एका गृहस्थाचं दोनशे होतं."

पुन्हा साक्षीदार. दिवसभर त्या विधवा आणि ते पाद्री वाचून माझं डोकं उठलेलं असायचं आणि खोलीबाहेर यावं तर त्यांचाच चुलतभाऊ जेवणाच्या टेबलावर बसलेला. मी चिडायचे. नवरा समजावायचा, मग तोही चिडायचा. बाबा निमूटपणे अर्क ओतून घ्यायचे. सकाळी उठल्यावर त्यांना घेरी यायची, भिंतीला हात धरून चालायचे आणि मी पाहतेय हे दिसलं की हात काढून घ्यायचे. मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. मी फार थकलेही होते. थकलेला माणूस वाद घालत नाही, तो पळवाट शोधतो.

एका दुपारी जाहिराती बाजूला सारून मी मोबाइलवर मराठीत एक मेसेज लिहिला. पंधरा मिनिटं लागली. इतकं सराईतपणे मी दुसरं काहीच लिहिलं नसेल. 'कराडचे एक निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याहत्तर. पत्नीच्या निधनानंतर एकटेच. कुणाच्या सांगण्यावरून प्रेशरची गोळी बंद केली, घेरी येऊ लागली. जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर पुन्हा सुरू केली. आता झोप शांत, गुडघे हलके, मन प्रसन्न. रोज सकाळी देवळापर्यंत चालत जातात. ते म्हणतात, गोळी ही काठीसारखी आहे, तिचा कमीपणा वाटू नये.' गोळीचं नाव बाबांच्या गोळीचंच घातलं. तिनं गुडघे हलके होत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण नुसतं 'प्रेशर कमी होतं' एवढं कोण वाचणार? 'आलंय तसं पुढे पाठवतेय' असं वर लिहून मी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "त्या माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास गं?"

आठ-दहा दिवसांत काटा खाली आला. घेरी थांबली. गुडघेसुद्धा हलके वाटतात म्हणाले. नवऱ्यानं मला विचारलं, "हे मुख्याध्यापक तूच ना?" मी मान हलवली तेव्हा तो पोट धरधरून हसला. मलाही हसू आलं. मी जिंकले होते. ज्या कारकुनांना इतके दिवस नावं ठेवली, त्यांच्याच पंगतीत जाऊन बसले होते, पण पान माझ्या पसंतीचं होतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी बाबा पेग्निट्झ नदीच्या काठी फिरायला जायचे. तिथल्या एका बाकावर मुलांकडे आलेले पाच-सहा मराठी आईबाप जमायचे. त्यांत नाशिकच्या एक काकू होत्या, इथे लेकीकडे आलेल्या. त्यांना झोप यायची नाही. इथला उजेड उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत जात नाही, त्यानं त्या हैराण झालेल्या. त्या बाकावर चिवडा, वड्या आणि औषधं सारख्याच मोकळेपणानं फिरायची. इथे डॉक्टरची वेळ मिळता मिळत नाही, आलेल्या पाहुण्याला तर त्याहून नाही, म्हणून प्रत्येकजण गावाहून गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन येतो आणि ज्याला जे लागेल ते काढून देतो. एकाला गुण आला की तो दुसऱ्याला द्यायचा, ही आपली रीतच. औषध दडवून ठेवणारा माणूस आपल्यात कद्रू ठरतो.

बाबा कद्रू नव्हते. त्यांनी काकूंना मेसेज वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी दहा गोळ्यांची एक पट्टी नेऊन दिली. काकूंची स्वतःची प्रेशरची गोळी चालूच होती, वेगळ्या नावाची. ती त्यांनी सोडली नाही. ही त्यांनी झोपेसाठी आणि गुडघ्यांसाठी घेतली.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, काकू उ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्यावर कोसळल्या.

त्यांच्या लेकीचा फोन आला. माझी तिच्याशी जुजबी ओळख होती. काकूंच्या पर्समध्ये एक पट्टी सापडली होती, ती कुठून आली हे तिला कळत नव्हतं, आई नीट बोलत नव्हती आणि बाकावरच्या सगळ्यांना ती एकेक करून फोन लावत होती. मी स्पीकरवर बोलत होते. बाबांनी ऐकलं. त्यांनी बूट घातले.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातात ती पट्टी. लेक त्यांच्या मागे उभी होती, रडून डोळे सुजलेले. बाबांनी शाळेत करतात तसा हात वर केला. "झोपेसाठी मी दिली," ते मराठीत म्हणाले. मी जर्मनमध्ये सांगितलं. दोन गोळ्या मिळून काकूंचं प्रेशर फारच उतरलं, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही गोळी झोपेची आहे असं यांना कुणी सांगितलं? मी तो प्रश्न मराठीत विचारला. वाटलं होतं, बाबा माझं नाव घेतील, मेसेज माझ्याकडूनच आला होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कराडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत," ते म्हणाले. "फार सज्जन माणूस. त्यांना गुण आला. त्यांचा काही दोष नाही म्हणावं, मीच नीट विचारायला हवं होतं."

हे मी जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. कराड काय, मुख्याध्यापक काय, सगळं नीट सांगितलं आणि मध्येच थांबले. तो माणूस माझ्याच तोंडून दुसऱ्या भाषेत पुन्हा जन्माला येत होता आणि बाबा त्याची बाजू घेत होते. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी म्हणाले, "असा कुणी माणूस नाही. मेसेज मी लिहिला." आधी जर्मनमध्ये, मग मराठीत.

डॉक्टरीणबाईंना मुख्याध्यापकांत काही रस नव्हता. "आख झो," म्हणजे 'अस्सं होय', एवढंच त्या म्हणाल्या. रोज किती गोळ्या आणि किती दिवस, एवढं विचारून आत गेल्या. काकूंची लेक माझ्याकडे बघत राहिली.

"खेळायला माझी आईच सापडली तुला?" ती म्हणाली. मी माफी मागितली, तिनं तोंड फिरवलं.

काकू वाचल्या. मनगट मोडलं, प्लास्टर बसलं, तीन दिवसांनी घरी आल्या. त्यांनी मला क्षमा केली, कारण त्या तशाच आहेत. त्यांच्या लेकीनं केली नाही आणि ती बरोबर आहे असं मला आजही वाटतं. संग्रहालयाचं काम मी पुरं केलं. साक्षीदाराच्या रकान्याशी आले की हात जड व्हायचा.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गोळी मात्र घेत होते, ते मी चोरून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. एरवी ते कधी वाजवायचे नाहीत, मी मीटिंगमध्ये असेन म्हणून. हातात रेघांच्या वहीतून फाडलेले दोन कागद होते.

"हे वाच," ते म्हणाले. "त्यांचा पत्ता मिळाला की पाठवणार होतो. तिघांना विचारलं, कुणाला ठाऊक नव्हता."

ते मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र होतं. तीर्थरूप वगैरे काही नाही, साधं 'महोदय'. आपण लिहिल्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू केली, असं पहिल्या ओळीत. पुढे गोळीबद्दल एक अक्षर नव्हतं. आपल्या सौभाग्यवतींना जाऊन किती दिवस झाले? माझी मागच्या श्रावणात गेली. सकाळ कामात जाते, रात्री मुलगा-सून असतात, पण दुपारी चहाच्या सुमारास आपण काय करता? मी अजून दोन कप आधण ठेवतो आणि मग एक ओतून देतो. आपणही तसं करता का, हे विचारायचं होतं. हे मुलाला विचारण्यासारखं नाही.

मी दोनदा वाचलं. वर बघवेना.

"मला वाटलं होतं, कुणीतरी भेटलं," बाबा म्हणाले. "पत्ता मिळाला असता आणि मी हे धाडलं असतं, तर उत्तर तूच लिहिलं असतंस, नाही का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण मी लिहिलं असतं. त्यांनी गोळी सोडू नये म्हणून पानभर लिहिलं असतं, त्या मुख्याध्यापकांच्या दुपारीसुद्धा रचल्या असत्या.

"हो," मी म्हणाले.

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतले आणि घडीवर घडी घालत राहिले.

"लिहितेस छान," ते म्हणाले आणि दार ओढून घेऊन आपल्या खोलीत गेले.