प्रेबेनच्या परीक्षा कधी लाल झाल्या नाहीत

प्रेबेन,

तुझ्या निरोपाच्या पुस्तिकेसाठी ऑफिसने माझ्याकडे चार गोड शब्द मागितलेत. ते माझ्याकडे नाहीत, म्हणून सरळ तुलाच लिहिते.

तू स्वेनबोर्गच्या बेकरीवाल्याचा मुलगा. अंगाला पिठाचा वास नको म्हणून कॉम्प्युटर शिकलास आणि आमच्या श्रवणयंत्रांच्या कंपनीत येऊन बसलास. आमच्या चिपचा कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आम्ही कंपनीतच बनवला होता. चिपमध्ये आकडे हाताशी ठेवायला मोजकेच खण, म्हणजे रजिस्टर. कुठला आकडा कुठल्या खणात ठेवायचा, आणि खण दुसऱ्याला द्यायचा तर आधीचा आकडा उचलून मेमरीत कधी ठेवायचा, हे कम्पायलरने ठरवायचं. त्याने नीट ठरवलं का, हे तू तपासायचंस. बस, एवढंच काम!

आमच्यात रिवाज असा, की ज्याच्या हातून परीक्षा लाल होईल, म्हणजे नापास होईल, त्याने शुक्रवारी केक आणायचा. मोर्टेनने आणला, मीही आणला. बेकरीवाल्याचा मुलगा तेवढा कधी आणेना, वर मिशीला पीळ! "आपलं सगळं हिरवं, बोडिल."

ते हिरवं कसं होतं, ते एकदा तुझ्या मागे उभी राहून पाहिलं. कम्पायलरचं उत्तर ठरलेल्या उत्तराशी जुळलं नाही, परीक्षा लाल झाली. तू कॉफीचा घोट घेतलास आणि एक कमांड चालवलीस: कम्पायलरने दिलं तेच यापुढे ठरलेलं उत्तर. झालं हिरवं! पोराने लिहिलं तेच बरोबर धरणारा मास्तर.

"अरे, फरक वाचलास का?"

"वाचायचं काय त्यात? कम्पायलर आता असंच देतो."

"चुकीचं देत असेल तर, गाढवा?"

"रक्तदाब वाढेल हां तुझा. बिस्किट घे."

तो बदल मी तिथल्या तिथे मागे घ्यायला लावला. पण त्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि तुला रान मोकळं मिळालं.

पुढच्या वर्षी नवं श्रवणयंत्र चाचणीसाठी माझ्या थोरल्या भावाच्या, आक्सेलच्या कानात गेलं. आक्सेल जगायचा तो चर्चमधल्या गाण्याच्या सरावासाठी. ऑर्गन जोरात वाजला, यंत्रातला गोंगाट दाबणारा भाग जागा झाला, आणि आवाजाची पातळी ज्या खणात होती तोच खण त्याने बिनदिक्कत वापरला. आधीचा आकडा कुणी उचललाच नव्हता. पातळी भलतीच चढली, कानात किंकाळी! आक्सेलने यंत्र उपटून फेकलं, सगळ्यांसमोर मटकन बसला, आणि परत गायला गेला नाही.

ती चूक तुझ्या परीक्षेत लाल होऊन आली होती. मोर्टेनने जुनी नोंद काढून दाखवली. तू तीही हिरवी केली होतीस, कॉफी पीत.

मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन मान खाली घालून बसलास. आक्सेलचा निरोप मी तुला जसाच्या तसा सांगितला: "ज्याने कान फोडला त्यानेच येऊन यंत्र बसवावं. बहिणीच्या हातून घेणार नाही."

"जातो ना," म्हणालास. "या गुरुवारी सिल्केबोर्गला त्याच्याकडे जातो, कानात बसवतो, गायला लावतो. आणि ब्रुन्सविगर केक नेतो, बाबांच्या पद्धतीचा, वर साखर भरपूर."

"नक्की?"

"नक्की, बोडिल."

चर्चच्या गाण्यात आक्सेलच्या जागी आता दुसराच कुणी उभा राहतो. दुरुस्त केलेल्या यंत्राची डबी अजून माझ्या खिडकीतच आहे, तू त्या गुरुवारी जाताना उचलायची होती तिथेच.