मेलबर्न ते वडगाव : सोळा तास

आधीच सांगते... भूतखेत, करणी, भानामती असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही! खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे मी. पाहुण्यांना एअरपोर्टच्या गाड्या लावून देणं हे माझं रोजचं काम. तेव्हा फ्लाइट टाइम आणि घाटातलं ट्रॅफिक मला कुणी शिकवायला येऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात आई वडगाव मावळला माझ्याच घरी अंथरुणाला खिळली होती. ठसका लागेल म्हणून डॉक्टरांनी तोंडानं पाणीसुद्धा बंद केलेलं. मी ओल्या कापसानं नुसते ओठ पुसायचे. आणि तिचं एकच पालुपद — "शेवटचं पानी संजूच्या हातचं."

संजूदादा मेलबर्नला. जवळजवळ दहा हजार किलोमीटर! सरळ फ्लाइट तेरा तास, पुढे मुंबईहून वडगाव तीन. आमच्या पहाटे तीनला त्याचं विमान सुटलं. म्हणजे कितीही आपटा, संध्याकाळी सातच्या आत तो दारात येणं शक्य नाही.

सकाळी साडेदहाला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर आई चक्क हसत होती. गळ्याजवळचा पदर ओला.

"संजू आलता. पानी पाजलं त्यानं. पर डाव्या हातानं गं! लय रागावले मी. उजव्याला काय झालंय त्येच्या?"

आमच्याकडे डाव्या हातानं पाहुण्यालासुद्धा पाणी देत नाहीत. मी धावत दारापुढच्या ओट्यावर गेले. तिथे मामा बसले होते. म्हणाले, "कुणी बी न्हाई आलं. मी हितंच हाय की."

"भास झाला असेल गं," मी आईला म्हटलं. बोलले त्याची अजून लाज वाटते. अकराच्या सुमारास ती गेली.

सव्वासातला गाडी आली. दादा उतरला, खांद्यावरचं जॅकेट घसरलं... उजवा हात प्लास्टरमध्ये! चार दिवसांपूर्वी जिन्यावरून पडला होता. आम्ही काळजी करू म्हणून व्हिडिओ कॉलवर नुसतं तोंड दाखवायचा. घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, अगदी कुणालाही.

मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "उशीर केलास बाबा. तहानलेली गेली रे माझी भन."

दादा भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागला. माझं डोकंच फिरलं. "मामा, तोंड आवरा! आईनं पाणी पिऊन डोळे मिटलेत," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. साडेदहाला काय करत होतास, असं दादाला विचारलं. तो विमानात झोपला होता. स्वप्नबिप्न काही नाही. मग हळूच म्हणाला, "लय रागावली का गं?"

"लय."

रडता रडता हसला बिचारा.

मामा अजून म्हणतात, भास. बरं बाबा, भास! मग भासाला उजवा हात जायबंदी आहे हे कळलं कसं? ते त्यांना सांगता येत नाही. मलाही येत नाही, कबूल. गणित शंभरदा मांडून पाहिलं — सोळाचे साडेसात तास होत नाहीत म्हणजे नाहीत. पण माझा भाऊ उशिरा आला, असं माझ्या दारात येऊन कुणी म्हणून तर दाखवावं.