उर्वशीबाईचा आवाज

झाडीपट्टीच्या नाटकात उर्वशी बोलू लागली की मंडपातली पोरंटोरंसुद्धा चिडीचूप होत. वडशाच्या कंपनीत तिनं सुना, सवती, जादूगारणी सगळं केलं. चेहऱ्याचं वय आता रंगाखालीही लपत नव्हतं, पण आवाज मोहाच्या दारूसारखा चढायचा.

मागच्या हंगामात तिनं हट्टानं एक नवा प्रवेश घातला. बँकेची खोटी मॅडम होऊन ती फोनवर गोड बोलून एका पाटलाकडून ओटीपी काढून घेई आणि सायबर पोलिसातली तरुण पोरगी तिला पकडे. लोक हसून लोटपोट. मग शाळांचीही बोलावणी आली. तिथं खेळ संपला की विग काढून ती म्हणायची, "असा चोर पकडाची नौकरी असते, पोट्टेहो! चांगल्या पगाराची. अन् अनोळखी माणसाले नंबर सांगाचा नाई." नटी कधीपासून मास्तरीण झाली, असं म्हणणारे म्हणाले. तिनं म्हणू दिलं.

कोरचीकडच्या एका गावात रीना मडावीनं हे मनावर घेतलं. बारावीनंतर नागपूरला जाऊन हेच शिकायचं. झिंगूनं, तिच्या बापानं, तेंदूपत्त्याचे पैसे त्यासाठीच बायकोच्या खात्यात राखले. प्रयोगाच्या दिवशी नटांना घरोघरी वाटून जेवू घालायची तिथं रीत आहे. उर्वशी रीनाच्या घरी जेवली. रीनाच्या आईच्या, नीलाबाईच्या, हातची भाजी तिला इतकी आवडली, की तिनं कौतुकाचा व्हिडिओ टाकला आणि नीलाबाईचा मध खपावा म्हणून तिचा फोन नंबरही सांगितला. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी बाई स्वतः अशी बावळट!

उन्हाळा सरता नीलाबाईला फोन आला. "मी उर्वशी बोलून राह्यली. तुह्या मधाले गिऱ्हाईक भेटलं, पैसे पाठवून राह्यली, आलेला नंबर सांग."

रीना ओरडली, "आई, फोन ठेव! बाईच्या खऱ्या नंबरवर लाव."

"चूप राय. आपल्या घरी जेवलेल्या माणसाले पारखतेत का?" नीलाबाईनं नंबर सांगितला.

खातं धुऊन निघालं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पुढे काही झालं नाही. रीनाचं नागपूर बुडालं.

कळल्यावर उर्वशी धावत आली. "जोहार, नीलाबाई," असं अंगणातून म्हणताच नीलाबाई दचकली आणि तिनं फोन पदराआड घेतला.

"ते मी नव्हती वो. माह्या व्हिडिओतून कोणं तरी आवाज बनवला."

"आवाज तं तुहाच होता."

उर्वशीला स्वतःचाच गळा दाबावासा वाटला. तेवढ्यात धानाच्या रोवणीवरून रीना आली, पाय चिखलानं भरलेले. ती रागावली नाही, रडलीही नाही. "बाई, व्हिडिओतून आवाज कसा काढतेत? मले तेच शिकाचं होतं."

उर्वशीला ते माहीत नव्हतं. तिला रडू कोसळलं.

चुलीवरचा भात उतरला. जेवणाच्या वेळी वाटसरूलाही उपाशी जाऊ न देणारं ते घर. नीलाबाईनं पाण्याचा गडवा पुढे केला आणि परतीची बस किती वाजता आहे, ते सांगितलं.