हव म्हणायचं राहिलं

दिलीपभैयाच्या बायकोचा, मीनाभाभींचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलखालच्या टपरीवर चहा घेऊन उभा होतो. त्या फक्त "वर या" म्हणाल्या. जिना चढतानाच मला कळून चुकलं होतं, तरी मी धावत होतो... दिलीपभैया गेला त्याला महिना झाला. लिहायला हात आत्ता कुठे धजावला.

रायपुरात बास्केटबॉल बघणाऱ्याला दिलीपभैया सांगावा लागत नाही. तात्यापारा या मराठी वस्तीतला हा उंच पोट्टा खेळाच्या जोरावर रेल्वेत लागला, कप्तान झाला आणि वर्षानुवर्षं त्याने भल्याभल्यांची झोप उडवली. मी पलीकडच्या गुढियारी मोहल्ल्यातला, त्याच संघात राखीव. मैदानात कमी, बाकावर जास्त. माझं खरं काम म्हणजे त्याच्या उजव्या गुडघ्याला गरमपट्टी, म्हणजे क्रेप बँडेज, बांधणं. संघाचा मालिशवाला होता, पण भैयाला माझाच हात लागे. पट्टी बांधून झाली की तो पाय दाबून विचारायचा, "बसलं का बे?" मी म्हणायचो, "हव." हव, म्हणजे छत्तीसगडीतलं हो. ते ऐकल्याशिवाय स्वारी मैदानात उतरत नसे. एकदा मी गमतीने गप्प राहिलो, तर सगळा संघ मैदानात आणि हा बाकावर ढिम्म!

ती फायनल अजून लोकांच्या तोंडी आहे. आदल्या दिवशी उडी मारून उतरताना भैयाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. फायनलच्या दिवशी पट्टी बांधायला मी गुडघा हातात घेतला. सूज होतीच, पण आत काहीतरी सरकत होतं, वाजत होतं. भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं त्याच्या बॅगेत होतं. आज खेळला तर गुडघा जाईल हे मला दिसत होतं. मागे कोचसर माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी "नाही" म्हटलं असतं तर त्यांनी त्याला बसवला असता.

"बसलं का बे?"

"हव," मी म्हणालो.

त्या मॅचमध्ये मी स्कोअर बघितलाच नाही, गुडघाच बघत होतो. तो प्रत्येक वेळी उडी मारून उतरला की माझे दात आवळले जायचे. शेवटी एक गुण मागे, चार सेकंद बाकी. चेंडू रिंगला लागून वर उडाला, भैया सगळ्यांच्या वर गेला आणि हवेतूनच त्याने तो आत ढकलला... उतरताना कट्ट असा आवाज आला. हॉलमध्ये लोक नाचत होते. मला तेवढा आवाजच ऐकू आला.

शिबिर हुकलं. दोन वर्षांनी तो परतला, तो उडी न मारणारा खेळाडू होऊन. उभ्या उभ्या नेम धरून टाकायचा, आणि पास असा की घेणाराच दचकावा. लोक ज्याच्या गोष्टी सांगतात तो दिलीपभैया हाच. कोणी विचारलं, "भैया, आप कूदते काहे नहीं?" तर म्हणायचा, "कूदने को बाकी लोग हैं ना!" सगळे हसायचे. मला स्वतःचा संताप यायचा. पट्टी मीच बांधत राहिलो, पण त्या "हव"बद्दल ना तो बोलला, ना मी. भ्याडपणा, दुसरं काय!

भाभींचा फोन आला त्याच दिवशी सकाळी, हृदयाच्या बायपाससाठी त्याला न्यायला स्ट्रेचर आलं. त्याने माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी मले माहीत होतं बे. तुझी बोटं थरथरून राहिली होती. मलेच खेळायचं होतं, म्हणून विचारलं तुले. काहून घेऊन फिरून राहिला इतकी वर्षं?"

मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, तसाच मिस्कील हसत, त्याने विचारलं, "आता सांग. बसलं का बे?"

एकच शब्द हवा होता. पण एकदा खोटं बोलून मी त्याचा गुडघा घालवला होता. पुन्हा न कळता हो म्हणायला जीभ उचलेना. "बोल ना बे," तो म्हणाला. स्ट्रेचर हललं, दार मिटलं. "हव" न ऐकता भैया आयुष्यात पहिल्यांदाच उतरला.

तेरावं झाल्यावर भाभींनी त्याच्या कपाटातली गरमपट्टी मला दिली. गुंडाळी माझ्याच हातची, टोक आत मुडपलेलं. काल संध्याकाळी ती मी स्वतःच्या गुडघ्याला बांधली. घट्ट झाली, सोडली, पुन्हा बांधली. पाय जमिनीवर दाबून बघितला. विचारणारं कोणी नव्हतं. तरी म्हणालो, "हव." मग जरा मोठ्याने, पुन्हा एकदा.