आठ दिवसांसाठी आलेली वस्ती

आमच्या वस्तीतले दोघे भेटले की तिसऱ्याची गोष्ट निघते, आणि ती संपायच्या आत चौथ्याची. सांगणारे कमी होत चाललेत, किस्से मात्र वाढतच चाललेत! त्यातले निम्मे जानकीकाकूंचे. तेव्हा त्यांच्यापासूनच सुरू करते.

जालना स्टेशनाजवळ रेल्वेची लाईन ओलांडली की आमची वस्ती. निजामाच्या राज्यात प्लेग आला, गावात उंदीर पडायला लागले, तशी माणसं घरांना कुलपं लावून शेतात झोपड्या घालून राहिली. साथ ओसरल्यावर बाकीचे परत गेले. आमच्या शेजारचे अण्णा वकील मात्र म्हणाले, "इथली हवा बरी आहे." त्यांचं बघून आमच्यासारखी चार-सहा घरं राहिली. पुढे झोपड्यांची पक्की घरं झाली, तरी गावातले लोक आम्हाला "झोपडीवाले"च म्हणायचे.

अण्णांच्या बायकोला, म्हणजे जानकीकाकूंना, हे बिलकुल पसंत नव्हतं. "आपण आठ दिवसांसाठी आल्तो," त्या म्हणायच्या. हे वाक्य मी परकरात असताना ऐकलं आणि माझ्या लग्नाच्या मांडवातही ऐकलं!

काकूंची तांब्या-पितळेची भांडी गावातून आली तशी पोत्यात बांधलेलीच होती. एकदा त्यांच्याकडे मोठी पंगत निघाली. काकू आमच्याकडे पातेली मागायला आल्या.

"काकू, तुमच्या पोत्यात एवढाली पातेली आहेत की!" आई म्हणाली.

"ती गावातल्या घरासाठी आहेत. सोडली तर परत बांधायचा कुटाणा कोण करील?"

आईने पातेली काढून दिली. ती परत यायला दिवाळी उजाडली!

टेंभुर्णीहून अण्णांचे एक मावसभाऊ कोर्टाच्या कामाला आले. गावात पत्ता विचारला, तर कुणीतरी सांगितलं, "वकील? ते तिकडं जंगलात राहतात." भर दुपारी पाहुणे दारात उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटता कंदील!

"दादा, हा कंदील कशाला?" अण्णांनी विचारलं.

"जनावर उजेडाला भितंय म्हणले. मंग घेतला स्टेशनातून मागून."

काकूंना आनंदच झाला. "बघा," त्या अण्णांना म्हणाल्या, "मी काय वेगळं सांगून राह्यले?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू गावातल्या जुन्या आळीत जायच्या. परतताना एकदा टांगेवाले चाँदमियाँ लाईनीशी अडून बसले. "बाई, आगे जंगल है. वापसी की सवारी नै मिलती."

"जंगल बोलना नै!" काकू कडाडल्या. "हमारे घर जेवो. तब तक मिलेगी सवारी!"

घरात त्या स्वतः जंगलच म्हणायच्या, पण परक्याने म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. चाँदमियाँ ओसरीवर बसून गुळाच्या पोळ्या जेवले. मग त्यांना सवयच लागली. रोज दुपारी घोडा सोडून आमच्याकडेच लिंबाखाली बसायचे. शेवटी गावातले लोक टांगा शोधायला आमच्या जंगलात यायला लागले!

रस्त्यावर एक दिवा मिळावा म्हणून अण्णांनी अर्जांवर अर्ज केले, तेही अस्सल कचेरीच्या उर्दूत. काही हलेना. अखेर एक साहेब पाहणीला आले. चहापाण्यात दिवेलागण होऊन गेली, आणि निघताना साहेब आमच्या दारापुढच्या खड्ड्यात कमरेपर्यंत गेले. दिवा लगेच आला! अण्णा म्हणायचे, "माझं उर्दू त्यांना समजलं न्हाई. खड्डा बराबर समजला."

काकू मात्र फणकारल्या. "दिवा कशाला? आपण काय इथं राहणार आहोत?" पण त्याच दिव्याखाली बसून त्या रोज संध्याकाळी तांदूळ निवडायच्या. भोवती वस्तीतल्या बायका. कुणाची सून बाळंत व्हायची आहे, कुणाचा नवरा अजून कचेरीतून आला नाही, सगळं तिथंच कळायचं. त्या घोळक्याची आठवण आली की आजही माझा जीव तुटतो.

आणि आता तो घराचा किस्सा. हा मला अण्णांनी स्वतः सांगितला.

निजामाची राजवट जायच्या आधीचं ते वर्ष. दिवस धास्तीचे होते आणि लाईनीपलीकडे ना पहारा ना चौकी. अण्णाही थकले होते. एक दिवस ते काकूंना म्हणाले, "चल, तुझं ऐकतो. गावात घर बघितलंय."

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. वस्तीवर सगळ्यांची तोंडं उतरली. अण्णा गेले की एकेक करून सगळेच जाणार आणि वस्ती मोडणार, हे प्रत्येकाला कळत होतं. पण काकूंना अडवायचं कुणी? जन्मभर त्यांनी दुसरं मागितलं तरी काय होतं! आई तर रडलीच.

दोघं घर बघायला गेले. घर ऐन बाजारपेठेत. पायरी उतरलं की वाणी, समोर देऊळ, हाकेच्या अंतरावर काकूंची जुनी आळी. काकूंनी सगळं घर फिरून पाहिलं. विहिरीत डोकावल्या, चुलीपाशी बसून बघितलं, जिना चढून माळवदाच्या गच्चीवर जाऊन आल्या. कुठंच खोट काढली नाही. अण्णांनी मनातल्या मनात सामान हलवायला घेतलं.

"मंग बाई, पसंत आहे ना?" घरमालकांनी विचारलं.

"घर बराबर आहे," काकू म्हणाल्या. "पण फार लांब पडतं हो."

घरमालक एकदा देवळाकडे बघतात, एकदा बाजाराकडे बघतात. "लांब? कशापासून?"

काकू तोवर पदर सावरत टांग्यात जाऊन बसल्या होत्या.