बिबड्यावरचं कपाशीचं फूल

“अक्का, हाई काय करं वं तू! मना बठ्ठा कागद नासाडी टाकात!” धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, नाना ओरडत होते. माझे हे काका धरणगावात ओरडले की पारोळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडत. मला हे त्या कबुतरांनीच सांगितलं.

आज शेजारी कुणी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, तळतंय आणि त्या खमंग वासाबरोबर ते तापलेलं धाबं परत आलंय.

गोऱ्या साहेब लोकांच्या सामानाच्या लिलावांतून नानांनी झाडाफुलांची हातानं रंगवलेली जुनी चित्रं जमवली होती. ती सगळी उन्हात ओळीनं पसरलेली, आणि प्रत्येकावर अक्कानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ओला बिबडा थापलेला.

“मंग कशावर घालू? नानीना लुगडाले हात लावू देस का तू?” अक्का म्हणाली.

आमच्याकडे बिबडे जुन्या लुगड्यावरच वाळतात. काकू, म्हणजे अक्काची ‘नानी’, वारून वर्षही झालं नव्हतं आणि तिची लुगडी नानांनी पेटीत कुलूप लावून ठेवली होती. नाना गप्प झाले. त्या गप्प होण्याला लावायला मी अजून तिखटमीठ शोधतोय, सापडत नाही.

सांजेला त्यांनी कपाशीच्या फुलावरचा बिबडा सोडवला. ते चित्र काकूनं निवडलेलं. कागदावर नुसत्या रेघा उरल्या होत्या. पिवळा रंग बिबड्यावर उतरला होता.

अक्कानं तो तळून त्यांच्या ताटात वाढला. मला तेव्हा हसू आलं होतं. नानांनी तो सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

“कसा शे?” अक्कानं हळूच विचारलं.

“मीठ कमी शे,” नाना म्हणाले.