आईची जबाबदारी कुणाची
आई पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिला पेणच्या दवाखान्यात दाखल करून मी एसटीडी बूथवरून रोह्याला भावाला फोन लावला.

तो म्हणाला, "ताई, मी वकिलाला विचारलंय. आईला सांभाळायची जबाबदारी कायद्यानं लेकीवरपण हाय. बिल तू भर."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वडिलांचं मिठागर स्वतःच्या नावावर करताना यानंच माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. "तू आता परक्या घरची," म्हणाला होता. तेव्हा नाही आठवला कायदा!

बिल मी भरलं आणि आईला रामवाडीला माझ्या घरी आणलं. महिन्यानं तो सफरचंदं घेऊन आला. आई म्हणाली, "त्याला चहा दे गो."

चहा दिला. बोलले मात्र नाही.